जमीन गहाण आहे, हक्क गहाण नाही!

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा कार्यक्रम जाहीर झाला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान, असे वेळापत्रक ठरले. त्यापाठोपाठ रस्ते रुंद करण्याची, वाहनतळांची, निवासाच्या सोयींची आखणी आली. कुशावर्तात कोणी का बुडी मारावी, हा आजचा आमचा विषय नाही. आमचा विषय कुशावर्ताभोवतीच्या जमिनीचा आहे. सिंहस्थ जवळ आला की त्र्यंबकच्या जमिनीचा भाव चढतो आणि भाव चढला की जुने कागद बाहेर निघतात. दुर्दैव असे की ते सावकाराच्या पेटीतून निघतात. गरिबाच्या घरात तो कागद बहुधा नसतोच.

त्र्यंबकेश्वर तालुका हा डोंगराचा आणि पावसाचा तालुका. भात, नागली, वरई ही इथली पिके. पाऊस सरला की द्राक्षबागांवर नाही तर नाशिकच्या बांधकामांवर मजुरीला जायचे, हा इथल्या गरिबांचा शिरस्ता. महादेव कोळी, ठाकर, वारली, कोकणा हे आदिवासी बांधव येथे मोठ्या संख्येने राहतात. आपल्या बौद्ध बांधवांच्याही वस्त्या आहेत. घरात दुखणे आले, लग्न निघाले, बैल मेला, की या माणसाजवळ तारण द्यायला एकच वस्तू असते, ती म्हणजे जमीन. बँक जामीनदार मागते, सावकाराला अंगठा पुरतो. अशा अंगठ्यांवर झालेले व्यवहार आज वीस, तीस, चाळीस वर्षांचे झाले आहेत. ज्या तुकड्याला तेव्हा कोणी विचारत नव्हते, त्याच्या कडेने आज रस्ता रुंद होतो आहे, शेजारी फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभी आहेत. अशा वेळी मूळ मालकाचा मुलगा पैसे घेऊन गेला, तर त्याला ऐकवले जाते, ‘तुझ्या बापाने जमीन कधीच विकली. आता कसली मागतोस?’

विकली होती की गहाण ठेवली होती? सारा प्रश्न या दोन शब्दांत आहे. या दोन शब्दांमधले अंतर ज्याला कळले नाही त्याची जमीन गेली, आणि ज्याला कळले त्याने ती परत मिळवली. म्हणून हा विषय वकिलांच्या खोलीतून बाहेर काढून विहारात, समाजमंदिरात, पाड्यावरच्या बैठकीत आणणे आम्हाला गरजेचे वाटते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा. त्याच्या कलम ६० मध्ये गहाण ठेवणाऱ्याचा गहाण सोडवून घेण्याचा हक्क सांगितला आहे. त्याला कायद्याच्या भाषेत विमोचनाचा हक्क म्हणतात. या हक्काचे सूत्र एका वाक्यात सांगता येते: एकदा जे गहाण, ते कायम गहाण. कर्जाची रक्कम फेडली की गहाण घेणाऱ्याने कागद परत केले पाहिजेत, ताबा दिला पाहिजे आणि गहाण सुटल्याचा दस्त करून दिला पाहिजे. यात त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. तो उपकार करीत नाही, कर्तव्य करतो.

‘अमुक मुदतीत पैसे न दिल्यास हेच खरेदीखत समजावे’ अशी ओळ अनेक गहाणखतांत सापडते. ही ओळ वाचून आपला माणूस हात टेकतो. हात टेकण्याचे काही कारण नाही. गहाण सोडवण्याच्या हक्काला बांध घालणारी अट न्यायालये मानीत नाहीत, कारण अडलेला माणूस सही करताना मोकळा नसतो, हे न्यायालयांनी फार पूर्वीच ओळखले आहे. हा हक्क संपतो तो दोनच रीतींनी. एक, मालकाने नंतर वेगळा दस्त करून जमीन खरोखरच त्याला विकली तर. दोन, न्यायालयाने तसा हुकूमनामा दिला तर. मुदत उलटली म्हणून गहाणाची आपोआप विक्री होत नाही. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, गहाण घेणाऱ्याने नंतर आणलेल्या कोणत्याही कागदावर, ‘हिशेबाची नुसती नोंद आहे’ असे तो म्हणाला तरी, वाचून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नये. पुष्कळ घरांचा हक्क पहिल्या कागदाने नव्हे, तर या दुसऱ्या कागदाने गेला आहे.

आता ताबेगहाणाचे पाहू, कारण खेड्यात तेच जास्त. जमीन सावकाराच्या ताब्यात द्यायची, त्याने पीक खायचे आणि पीक हेच व्याज समजायचे, असा हा व्यवहार. समजा, १९८५ साली एका शेतकऱ्याने दोन एकर जमीन पाच हजार रुपयांना अशा रीतीने ताबेगहाण दिली. चाळीस वर्षे सावकाराने भात खाल्ला. आज त्या जमिनीची किंमत लाखांत, कदाचित कोटींत गेली. मग सोडवायला किती द्यायचे? गहाणखतात उत्पन्न व्याजापोटी असे लिहिले असेल, तर मुद्दल तेवढे पाच हजार. आजचा बाजारभाव नाही आणि चाळीस वर्षांचे चक्रवाढ व्याजही नाही. दस्तात उत्पन्नातून मुद्दलही फिटावे असे ठरले असेल, तर ते फिटताच एक रुपयाही न देता जमीन परत मागता येते. हे कलम ६२ चे सांगणे आहे. उत्पन्न आणि व्याज यांची एकमेकांत वजावट ठरलेली नसेल, तर ताबा असलेल्या गहाणदाराने उत्पन्नाचा हिशेब ठेवला पाहिजे आणि तो दाखवला पाहिजे, असे कलम ७६ सांगते. ज्याने अडचणीत पैसे दिले त्याचे पैसे बुडावेत, असे आमचे म्हणणे नाही. त्याने दिलेले मुद्दल आणि ठरलेला मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. जमिनीचा वाढलेला भाव मात्र मालकाचा आहे.

‘तीस वर्षे झाली, आता मुदत गेली’ हे दुसरे ठरलेले उत्तर. मुदत अधिनियम १९६३ च्या अनुच्छेद ६१ मध्ये गहाण सोडवण्याच्या दाव्याला तीस वर्षांची मुदत आहे, हे खरे. पण ती तीस वर्षे कधीपासून मोजायची? २१ ऑगस्ट २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सिंग राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात याचे उत्तर दिले. सोडवण्याची मुदत न ठरवलेल्या ताबेगहाणात ही तीस वर्षे गहाणखताच्या तारखेपासून धावत नाहीत. पैसे उत्पन्नातून फिटले, किंवा मालकाने ते दिले, देऊ केले, न्यायालयात भरले, तेव्हापासून ती धावू लागतात. केवळ तीस-चाळीस वर्षे लोटली म्हणून ताबा असलेला सावकार मालक होत नाही. हा निवाडा देशभरच्या ताबेगहाण जमिनींना लागू आहे आणि खेड्यातील कार्यकर्त्याला तो तोंडपाठ असला पाहिजे. ताबा न देता केलेले गहाण किंवा मुदत ठरवून केलेले गहाण असेल, तर मात्र तीस वर्षांचा हिशेब कडक आहे. तिथे एक दिवसही दवडू नये.

त्यातही एक खाच आहे. सावकाराने ती जमीन मोबदला घेऊन तिसऱ्यालाच विकली असेल, तर त्या तिसऱ्याकडून ताबा मागण्याची मुदत बारा वर्षांवर येते आणि ती विक्री आपल्याला कळली तेव्हापासून मोजली जाते. सिंहस्थाच्या तोंडावर जमिनी हातोहात विकल्या जातात, म्हणून ही बारा वर्षे आजच लक्षात ठेवायची आहेत. वर्तमानपत्रांत ‘जाहीर नोटीस’ या मथळ्याखाली गट नंबर छापून हरकती मागवलेल्या असतात. आपल्या गावचा गट नंबर दिसला तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.

सावकाराची आणखी काही ठरलेली उत्तरे आहेत. ‘मी विहीर खोदली, मी लॉज बांधला, त्याचा खर्च दे.’ गहाण घेणाऱ्याने केलेल्या सुधारणांचा लाभ सोडवताना मालकालाच मिळतो. मालमत्ता नाश पावू नये म्हणून, तारण अपुरे पडू नये म्हणून किंवा शासकीय हुकुमामुळे जो खर्च करावा लागला, तेवढाच तो मागू शकतो, असे कलम ६३-अ सांगते. स्वतःच्या धंद्यासाठी बांधलेल्या मजल्यांचे ओझे मालकाच्या डोक्यावर टाकता येत नाही. ‘मी कूळ आहे, १ एप्रिल १९५७ ला मालक झालो.’ मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ च्या कलम ४ मध्येच ताबा असलेल्या गहाणदाराला कुळाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. ‘सातबारा माझ्या नावावर आहे.’ सातबारा हा महसूल गोळा करण्यासाठीचा अभिलेख आहे. फेरफाराच्या नोंदीने मालकी जन्माला येत नाही आणि मरतही नाही. तरीही नोंद चुकीची राहू देणे घातक आहे, हे पुढे सांगतोच.

खरा सापळा वेगळाच आहे. त्याला कोणी मुदत खरेदी म्हणते, कोणी शर्तीचे खरेदीखत. कर्ज दिले जाते, पण कागद मात्र खरेदीचा होतो, आणि पैसे परत केले की जमीन परत देऊ असे ठरते. ही परत देण्याची शर्त खरेदीखतातच लिहिली असेल, तर कलम ५८(क) प्रमाणे तो व्यवहार गहाण ठरू शकतो आणि सोडवण्याचा हक्क जिवंत राहतो. पण १९२९ साली या कलमाला एक परंतुक जोडले गेले. शर्त त्याच दस्तात नसेल, तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही, असे त्यात म्हटले आहे. झाले! तेव्हापासून हुशार सावकार दोन कागद करू लागले. एका कागदावर बिनशर्त खरेदी, दुसऱ्यावर परत देण्याचा करार. आणि पुष्कळदा दुसरा कागद नसतोच, नुसता शब्द असतो. मग मालकाच्या हाती गहाण सोडवण्याचा तीस वर्षांचा हक्क राहत नाही. फार तर करार पाळून घेण्याचा तीन वर्षांच्या मुदतीचा दावा राहतो, तोही कराराची तारीख काटेकोर पाळली असेल तर.

अशा प्रसंगी दार पूर्ण बंद नाही. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. परंतु दस्त हा केवळ देखावा होता, खरेदी करण्याचा कोणाचाच इरादा नव्हता, कर्जाच्या तारणासाठी तो लिहिला, हे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले. मग न्यायालय काय पाहते? किंमत बाजारभावाच्या मानाने किती कमी होती, खरेदीनंतरही ताबा कोणाकडे राहिला, शेतसारा कोणी भरला, व्याज घेतल्याच्या काही खुणा आहेत काय, घेणारा सावकारी करतो काय. म्हणून जुनी पावती, वहीतले पान, शेतसाऱ्याची चिठ्ठी रद्दीत टाकू नका. आपल्या घरातले ते सर्वांत मोलाचे कागद असू शकतात.

हा सापळा आजचा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांतून कर्जरोखे काढून जाळले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा रोख होता, कारण आपल्याला कोणी बांधले आहे हे त्यांना नेमके कळले होते. त्यानंतर इंग्रज सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साह्य कायदा केला. व्यवहाराचे खरे स्वरूप काय, हे कागदाच्या मागे जाऊन तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने पुढे न्यायालयांना दिला. कागद खरेदीचा असला तरी व्यवहार गहाणाचा होता, असे शेतकऱ्याला म्हणता येऊ लागले. महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ याच काळात लिहिला. अडाणी शेतकऱ्याला कागदाने कसे नागवले जाते हे त्यांनी उघड केले आणि त्यावर विद्येचा उपाय सांगितला. ही विद्या म्हणजे केवळ पदवी नव्हे. आपल्या सहीखाली काय लिहिले आहे ते वाचता येणे, ही तिची पहिली पायरी.

आपल्या समाजाचा जमिनीशी संबंध आला तो वतनाच्या बेडीतून. मुंबई वंशपरंपरागत हुद्दे अधिनियम १८७४ च्या कलम ५ प्रमाणे सरकारच्या मंजुरीशिवाय वतनदाराला आपल्या हयातीपलीकडे वतनी जमीन बाहेरच्याकडे गहाण टाकता किंवा देता येत नव्हती. तरीही गावकामगाराची ती तुटपुंजी जमीन पोटासाठी दुसऱ्याच्या ताब्यात जात राहिली. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनाच्या राबणुकीतून माणूस सुटावा आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडे राहावी, अशी त्यामागची भूमिका होती. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियमाने ही वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या हस्तांतरित करता येत नाहीत. असे असतानाही महार वतनाच्या जमिनींचे व्यवहार आजही गाजतात. पुण्यातील मुंढवा येथील व्यवहारावरून २०२५ साली उठलेले वादळ ताजेच आहे.

वतन गेल्यावर काही ठिकाणी असे घडले की ताबा गहाण घेणाऱ्याकडे होता, म्हणून पैसे भरून त्यानेच जमीन आपल्या नावे करून घेतली. १९८५ साली महाराष्ट्रातील परगणे-कुलकर्णी वतनाच्या अशाच एका जमिनीविषयी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. गहाणदार असल्याचा फायदा घेऊन मिळवलेला हक्क त्याने मालकाच्या हितासाठी धारण केला असे समजायचे. गहाण सोडवण्याचा मालकाचा हक्क त्यामुळे बुडत नाही. वतनदार कोणत्या जातीचा, हे पाहून हे तत्त्व बदलत नाही. मग आपल्या बांधवांनी त्याचा आधार का घेऊ नये?

आदिवासी बांधवांच्या जमिनीला तर वेगळे कवच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, गहाण, पट्टा अशा कोणत्याही मार्गाने जायची असेल तर आधी परवानगी लागते. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला वा पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची, आणि इतर सर्व व्यवहारांना शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची. परवानगी नसेल तर व्यवहार कायद्याविरुद्ध आहे, आणि जमीन परत मिळावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येते. म्हणून पाड्यावर कोणी ‘साठेखत’, ‘मुखत्यारपत्र’, ‘नव्याण्णव वर्षांचा करार’ असे गोंडस नाव घेऊन आला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: परवानगीचा हुकूम कुठे आहे?

आता सावकारी कायद्याचे बोलू. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ साली आला. त्याच्या कलम १८ प्रमाणे कर्जाच्या तारणापोटी सावकाराने विक्री, गहाण, पट्टा, अदलाबदल किंवा अन्य कोणत्याही नावाने स्थावर मालमत्ता घेतली असेल, तर जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि मालमत्ता परत देण्याचा आदेश करू शकतात. कागदाच्या मागे जाण्याचा जो अधिकार १८७९ च्या कायद्यातून आला होता, तो या रीतीने परत आला आहे. मात्र व्यवहार अर्जाच्या तारखेपूर्वीच्या पंधरा वर्षांतला असला पाहिजे. हा अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायचा असतो. २०१२ साली झालेला कागद २०२७ नंतर या दारातून आत जाणार नाही. ज्यांची पंधरा वर्षे भरत आली आहेत, त्यांनी सिंहस्थाची वाट पाहू नये.

संपादनाचा विषय याहून तातडीचा. रस्त्यासाठी जमीन गेली तर मोबदला सातबारावरच्या नावाकडे जातो. गहाण जमिनीच्या बाबतीत कलम ७३ स्पष्ट आहे. गहाण घेणाऱ्याला त्या मोबदल्यातून आपली गहाणाची रक्कम मागता येते. उरलेला सारा पैसा मालकाचा. पाच हजारांचे मुद्दल असेल तर त्याने तेवढेच घ्यावे. पण मालकाने तोंड उघडले नाही, तर कायदा त्याच्या घरी चालत येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हितसंबंधितांना नोटीस देण्याची आणि वाटणीचा वाद प्राधिकरणापुढे नेण्याची तरतूद आहे. आपले नाव ‘इतर हक्क’ रकान्यात नसले तरी गहाणखताची नक्कल जोडून लेखी दावा दाखल करावा. मोबदला एकदा दुसऱ्याच्या खात्यात जमा झाला की तो परत मिळवण्यात एक पिढी जाते.

बँका आणि पतसंस्था यांच्या कर्जातही सोडवण्याचा हक्क असतो, पण तिथे घड्याळ वेगळे चालते. घरावर, गाळ्यावर कर्ज असेल आणि बँकेने २००२ च्या प्रतिभूतिकरण कायद्याने कारवाई केली, तर २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच पूर्ण थकबाकी भरून मालमत्ता सोडवता येते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागू नाही. सहकारी संस्थेने वसुलीत स्थावर मालमत्तेचा लिलाव केला, तर तीस दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील थकबाकी आणि खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के रक्कम भरून तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. लिलाव झाला म्हणजे सारे संपले, असे समजून घरी बसू नका.

मग करायचे काय? दुय्यम निबंधक कार्यालयातून जुन्या दस्ताची नक्कल काढा. जुने सातबारे आणि फेरफार तहसील कार्यालयातून मागवा. शंभर रुपये वा त्याहून अधिक रकमेचे गहाण साधारणतः नोंदलेल्या दस्तानेच होते, म्हणून कागद घरात नसला तरी नोंदणीच्या पुस्तकात तो सापडू शकतो. नंतर रक्कम देऊ केल्याची रजिस्टर नोटीस पाठवा. सावकाराने नाकारली, तर कलम ८३ प्रमाणे रक्कम दिवाणी न्यायालयात भरा. त्यानंतर व्याजही थांबते. दावा दाखल केला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणता येणार नाही. मूळ मालक वारला असेल तर विधवा, मुलगे, मुली यांपैकी कोणीही वारस दावा लावू शकतो. मुलींनी मागे राहू नये. हा हक्क त्यांचाही आहे. आणि जमीन सुटल्यावर फेरफार करून सावकाराचे नाव सातबारावरून काढल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नका.

एक गोष्ट आम्ही कार्यकर्त्यांना निक्षून सांगतो. हक्क आपला असला तरी ताबा जबरीने घेऊ नका. नांगर घालून, कुंपण तोडून ताबा घेतला, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावून समोरचा तो परत घेईल आणि आपली पोरे फौजदारीत अडकतील. उलट समोरच्याने बळाने हुसकावले, तर हाच उपाय आपल्यालाही खुला आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे. पण प्रत्येक दिवाणी वादाला ते कलम लावल्याने कलम दुबळे होते आणि वादही हरतो. जिथे गुन्हा आहे तिथेच ते वापरावे. वकील परवडत नाही, ही सबब राहिलेली नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. धर्मांतरित बौद्ध बांधवांनी जातीचा दाखला सोबत ठेवावा.

शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. सिंहस्थाच्या कामांसाठी जमीन संपादन करताना वा थेट खरेदी करताना मागील साठ वर्षांचे फेरफार पाहावेत आणि गहाणाची नोंद आढळल्यास मूळ मालकाच्या वारसांना नोटीस दिल्याशिवाय मोबदला देऊ नये. कलम १८ च्या अर्जांचा निकाल ठराविक मुदतीत लागावा. आणि अल्पभूधारकांपुरते तरी १९२९ चे ते परंतुक राज्य दुरुस्तीने दूर करावे. एका सिंहस्थात शेकडो कोटी रुपये रस्त्यांवर खर्च करणाऱ्या सरकारला ज्यांच्या जमिनीवरून ते रस्ते जातात त्यांचा कागद तपासणे जड जाऊ नये.

चळवळीचे काम मात्र सरकारची वाट पाहत थांबू शकत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातले. १९६४ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात त्यांच्या हाकेवर लाखो माणसे तुरुंगात गेली. ती माणसे जमीन मिळावी म्हणून गेली. मग ज्यांच्याकडे जमीन होती आणि एका कागदामुळे गेली, त्यांना ती परत मिळवून देणे, हे त्याच लढ्याचे राहिलेले काम नव्हे काय? जयंतीच्या मिरवणुकीला जमणाऱ्या प्रत्येक मंडळाने वर्षातून एक रविवार कागद तपासण्यासाठी द्यावा. एक शिकलेला मुलगा, एक वकील, एक निवृत्त तलाठी आणि चहाची किटली, एवढ्यावर शिबिर होते. हरसूलपासून अंजनेरीपर्यंत अशी दहा शिबिरे झाली, तर किती गहाणे सुटतील ते आज सांगता येणार नाही. पण ‘तुझ्या बापाने विकली’ हे ऐकून मान खाली घालून परतणारा मुलगा त्यानंतर विचारील, ‘दस्त दाखवा.’ एवढे विचारण्याचे बळ त्याला मिळाले पाहिजे, आणि ते सिंहस्थाचा ध्वज चढण्याआधी मिळाले पाहिजे.